पाडवा ते दसरा

फोनवर शशीचं नाव दिसलं आणि मी हसलो. त्याच्या घरचा असो की मोबाइलचा, दोन्ही नंबर मी एकाच नावाने ठेवले होते. ऑक्टोबरातला रविवार होता, दुपार कलली होती आणि मी अंगणातली पानं ओढत होतो. मिशिगनमध्ये झाडांसकट घर घेतलेल्या माणसाला ही शिक्षा दर वर्षी भोगावी लागते. दाताळं टाकून मी फोन उचलला आणि पलीकडचं काही ऐकून न घेता म्हणालो, "काय, पडली का बंद? कुठे येऊ?" पलीकडून केतकीचा, शशीच्या मुलीचा, आवाज आला. "काका... बाबा इज गॉन." त्यानंतर ती काय बोलली ते मला आज नीट सांगता येणार नाही. पण मी हसत हसत विचारलेला तो प्रश्न मात्र अजून कानात आहे. गाडी चालवताना, दाढी करताना, मीटिंगमध्ये कुणीतरी तक्ते दाखवत असताना तो मधूनच ऐकू येतो, आणि आवाज माझाच असतो.

हा प्रश्न मी का विचारला ते सांगायचं तर शशीच्या मोटरसायकलबद्दल सांगावं लागेल. आणि मोटरसायकलबद्दल सांगायचं तर सांगलीपासून सुरुवात करावी लागेल. शशी आणि मी तिथे इंजिनिअरिंगला एका खोलीत राहायचो. पुढे एका वर्षाच्या अंतराने दोघंही अमेरिकेत आलो, आणि इकडेतिकडे भटकून शेवटी मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, मोटारींच्या धंद्यात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर स्थिरावलो. मी मोटारींच्या सीट बनवणारा. शशी मला 'खुर्च्यांचा इंजिनिअर' म्हणायचा. त्याचं स्वतःचं काम मोटारींचा आवाज कमी करण्याचं होतं. कुठे काय थरथरतं, कुठून काय घुमतं ते शोधायचं आणि बंद करायचं. वीस-बावीस वर्षं हा माणूस गाड्या मुक्या करत होता, आणि मनात मात्र एका गाडीचा आवाज जपून होता.

तो आवाज आमच्या वर्कशॉपच्या घोरपडे सरांच्या मोटरसायकलचा. साठच्या दशकातली इंग्लिश गाडी, दोन सिलिंडरची, काळीभोर, टाकीच्या कडेला चांदीच्या रंगाची रेघ. तशी दुसरी गाडी तेव्हा सांगलीत तरी आम्ही पाहिली नव्हती. सर ती चिंचेखाली लावायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटच्या वर्षी, परीक्षा संपल्यावर, काय मनात आलं कुणास ठाऊक, शशीला म्हणाले, "कर बघू चालू." शशीने सगळा जोर लावून किक मारली आणि गाडीने ती दुप्पट जोराने परत केली. नडगी फुटली, चपलेपर्यंत रक्त आलं, आणि हा पठ्ठ्या रक्त पुसायचं सोडून म्हणतोय, "सर, अजून एकदा मारू?" ती खूण त्याच्या पायावर शेवटपर्यंत होती. उन्हाळ्यात अर्धी विजार घालून बसला की तो बोलता बोलता तिच्यावरून अंगठा फिरवायचा. पुढे नोकरी आली, लग्न झालं, ग्रीन कार्ड आलं, घर आलं, केतकी आली. गाडी तेवढी यायची राहिली होती.

ती आली दोन हजार तीनच्या वसंतात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. उत्तरेकडे, जिथे शेतं संपून रान सुरू होतं तिथल्या एका म्हाताऱ्याने जाहिरात दिली होती. गुडघा गेल्यामुळे त्याला किक मारता येत नव्हती. मी आपला भाड्याचा ट्रेलर घेऊन सोबतीला. कोठाराचं दार सरकलं आणि शशी तिथेच थांबला, आत जाईना. तीच गाडी. म्हणजे सरांची नव्हे, पण तोच साचा, तोच काळा रंग, तीच रेघ. म्हाताऱ्याने त्याला फेरी मारून यायला सांगितलं. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि शशी शेतांमधल्या रस्त्याने जो दिसेनासा झाला तो बराच वेळ आलाच नाही. मला वाटलं, पडला. म्हाताऱ्याला बहुतेक वाटलं, पळाला. पण लांबून आवाज आला, वाढत गेला, आणि शशी परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वारा लागला म्हणाला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ती गाडी त्या दिवशी एवढी चालली आणि एकदाही अडली नाही. आम्ही दोघंही ही गोष्ट नंतर साफ विसरून गेलो.

घरी प्रश्न होता सुनंदा वहिनींचा. त्यांचा धाकटा भाऊ मिरज रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला होता, वहिनींच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, पण मोटरसायकल हा शब्द आला की वहिनी उठून स्वयंपाकघरात जायच्या. शशीने त्यांना कसं राजी केलं ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की त्यांनी एक अट घातली होती. गाडीची पूजा त्या करणार, त्यांच्या हाताने, पाडव्याला आणि दसऱ्याला, आणि पूजा झाल्याशिवाय गाडी घराबाहेर जाणार नाही. मला या प्रकारांचं वावडं. चाकाखाली लिंबू ठेवून ब्रेक चांगले लागत असते तर आमची डिपार्टमेंटं कशाला असती, असं मी दर वेळी म्हणायचो आणि दर वेळी वहिनी मला पेढा देऊन गप्प करायच्या.

त्या पहिल्या पूजेची गंमत अशी झाली, की वहिनींना टाकीवर कुंकवाने स्वस्तिक काढायचं होतं. शशीने हात धरला. "इथे नको गं. लोक भलताच अर्थ काढतात. रस्त्यात कुणी अडवून मारेल मला." वहिनी हिरमुसल्या. बोट कुंकवात बुडवलेलं, आणि लावायचं कुठे? मग त्यांची नजर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर गेली. गोल, चकचकीत, बरोबर समोर. "हे तिचं कपाळ," असं म्हणत त्यांनी पाण्यात कालवलेलं कुंकू झाकणाच्या मधोमध चांगलं ठसठशीत लावलं, वर चार अक्षता दाबल्या. शशी खूश. खरंच छान दिसत होतं ते. तेव्हापासून ती जागा ठरून गेली.

लगेच दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली. घरापासून निघाली झोकात, आणि दहा-बारा मैलांवर एक-दोनदा फुरफुरली आणि थांबली. मला फोन आला. "दिल्या, बंद पडली रे." मी व्हॅन काढून पोचेपर्यंत तिथे गाडी चालू आणि शशी कुंपणावर बसून हसतोय. म्हणाला, काही केलं नाही, पेट्रोल आहे का ते झाकण उघडून पाहिलं, थोडा वेळ बसलो, किक मारली, सुरू झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग आम्ही दोघं इरेला पेटलो. दोन इंजिनिअर आणि एक चाळीस वर्षांची गाडी, म्हणजे काय होणार ते सांगायला नको. कॉइल बदलली. प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. कार्ब्युरेटर उघडून वहिनींच्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याचा तुकडान् तुकडा साफ केला. तेलाची गळती थांबवायला गेलो तर ती दुसरीकडून सुरू झाली. गाडीखाली पुठ्ठा घालावा लागायचा, आणि केतकी सकाळी शाळेला जाताना गराजमधून ओरडायची, "बाबा, शी पीड ऑन द फ्लोअर अगेन!" दिवा लागला की हॉर्न बंद, हॉर्न वाजला की दिवा गुल. हे सगळं एकेक करून आम्ही सुधारलं. पण ते मधेच थांबणं काही जाईना.

म्हणजे, गंमत अशी की जायचं. जून लागला, दोन-चार पाऊस झाले, एकदा-दोनदा गाडी नीट धुऊन काढली की महिनोन्महिने ती ठणठणीत असायची. मग पुन्हा पानं रंग बदलायला लागली की दुखणं परत. बर्फाचे महिने गाडी गराजमध्ये झोपून काढायची आणि वसंतात बाहेर निघाली की पुन्हा तीच रड. शशी म्हणायचा, माझा सीझन पाडवा ते दसरा, आणि हिचं दुखणं बरोबर दोन्ही टोकांना. आम्ही यावर पुष्कळ डोकं खाजवलं आणि थंडीला दोषी ठरवलं. गार हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, गाडी थांबते, इंजिनाच्या उष्णतेने तो वितळतो, गाडी सुरू होते... मी त्याला कागदावर आकृती काढून दाखवली होती. आजही ती आकृती पाहिली तर कुणालाही पटेल.

ते फोन मला फार आवडायचे, हे मी शशीला कधी बोललो नाही. उलट फोन आला की मी शिव्या घालायचो. पण व्हॅन काढायचो आणि सफरचंदांच्या बागांमधून, मक्याच्या कापलेल्या शेतांमधून त्याला शोधत जायचो. तो कुठेतरी कुंपणावर बसलेला असायचा. एखाद्या बागेत सायडर, म्हणजे सफरचंदाचा ताजा रस, आणि गरम डोनट मिळायचे, ते घेऊन आम्ही गाडीशेजारी बसायचो. या देशात आपली पोरं आपल्याशी कोणत्या भाषेत बोलतील, म्हातारपणी कुठे राहायचं, कंपनी आपल्याला आधी काढेल की आपण आधी सोडू, हे सगळं आम्ही बंद पडलेल्या गाडीशेजारी बसून बोललो. एरवी आमच्या भेटी व्हायच्या त्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, पन्नास माणसांच्या गराड्यात, प्लेट हातात धरून.

आणि मग हे फोन बंद झाले. दोन हजार सहाचा वसंत असेल. पाडवा झाला, गाडी बाहेर पडली, मी फोन जवळ ठेवून बसलो आणि शशी आपला संध्याकाळी आरामात घरी. दसऱ्यालाही तेच. मी विचारलं, "काय केलंस शेवटी? काय होतं?" तर म्हणाला, "काही नाही रे. तिच्या कलानं घेतो आता. आमचं जमलंय." मला राग आला. तीन उन्हाळे मी याच्याबरोबर काळे हात करून बसलो आणि हा मला साधूसारखी उत्तरं देतोय! इंजिनिअर माणसाने असं बोलावं का? मी चिडून पुन्हा विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. तो नुसता हसला, आणि ते हसू आता माझा पिच्छा सोडत नाही.

यंदाच्या दसऱ्यानंतरच्या रविवारी तो मोसमातली शेवटची फेरी मारायला निघाला. वहिनींनी कुंडीत लावलेल्या झेंडूची माळ हँडलला तशीच होती. दुपारी एका बागेजवळच्या रस्त्याने जाणाऱ्या बाईला तो दिसला. गाडी कडेला स्टँडवर लावलेली, झाकण उघडून सीटवर ठेवलेलं, आणि शशी कुंपणाला टेकून बसलेला, मान थोडी कलती. तिला वाटलं, ऊन खातोय माणूस. हृदय एकाएकी थांबलं असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या दवाखान्याच्या दारात असता तरी वाचवता आलं नसतं, हेही म्हणाले. गाडी टो करून घरी आणली गेली. त्याच्याजवळच्या वस्तू एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आल्या. माळ सुकून गेली तरी हँडलवरच राहिली, कारण ती काढायला कुणाचा हात होईना.

दिवस झाले, माणसं आली, गेली. डबे आले, रिकामे डबे परत गेले. केतकीने कॉलेजातून रजा घेतली. आणि एका शनिवारी मी गेलो असताना वहिनी समोर येऊन बसल्या. त्या आल्या प्रसंगाला तोंड देणाऱ्या बाई आहेत, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? त्या दिवशी ह्यांचा तुम्हाला फोन आला नव्हता ना?" मी नाही म्हणालो. मोबाइल त्याच्या खिशातच होता आणि त्याने कुणालाच फोन केला नव्हता. "गाडी बंद पडली म्हणून थांबले ना हे? नाहीतर तिथे कशाला थांबतील? चालत राहिली असती तर घरी आले असते. निदान माझ्यापर्यंत आले असते." मी डॉक्टरांचं वाक्य पुन्हा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ते मला कळतं हो. पण मी दुपार झाली की आवाज ऐकते. वळणावरून गाडी येतेय असं वाटतं आणि तो मधेच बंद होतो. रोज. मला फक्त तिला काय झालं होतं ते शोधून द्या. एवढं करा. मग विकून टाकू."

मी गराजमध्ये गेलो. बाहेर नोव्हेंबरची गारठलेली दुपार, आत तेलाचा आणि पेट्रोलचा वास, म्हणजे शशीचाच वास. भिंतीवर त्याची हत्यारं ओळीने टांगलेली. गाडीखालच्या पुठ्ठ्यावर नवा काळा डाग पडला होता. धनी गेला तरी तिचं गळणं चालूच होतं... मला तिचा संतापच आला. तीन-चार वेळा मी गराजचा दिवा लावला आणि घालवला, तिला हात लावायचा की परत फिरायचं ते ठरेना. मग पिशवी उघडली. हातमोजे. चष्मा. किल्ल्या. पेट्रोलच्या टाकीचं झाकण, ते टो करणाऱ्याने टाकीच्या तोंडावर फडकं कोंबून वेगळं आणलं होतं. किल्ल्यांच्या कडीत एक सेफ्टीपिन होती. त्या पिनेकडे मी आधी लक्ष दिलं नाही. झाकण हातात घेतलं. दसऱ्याचं कुंकू त्यावर होतं, सुकून कडक झालेलं, दोन अक्षता अजून चिकटलेल्या. आणि त्या कुंकवाच्या बरोबर मधोमध एक बारीकसं, काळं, अगदी स्वच्छ भोक होतं.

जुन्या गाड्यांच्या झाकणाला असं भोक असतंच. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी. हवा आली नाही तर गाडी काही मैल जाते, टाकीत पोकळी धरते, पेट्रोल येईनासं होतं आणि ती थांबते. झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि ती मुकाट्याने सुरू होते. दर वेळी शशी पेट्रोल बघायला झाकण उघडायचा. दर वेळी पाडवा होऊन गेलेला असायचा, नाहीतर दसरा. जूनच्या पावसात कुंकू धुऊन जायचं आणि गाडी बरी व्हायची. बर्फबिर्फ काही नव्हतं. मी पिन उघडली. तिचं टोक लाल होतं.

त्याला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कधीतरी, कुठल्यातरी कुंपणाशेजारी, त्याने हे भोक शोधलं होतं. आणि घरी येऊन तो काहीच बोलला नव्हता. वहिनींना नाही, आणि मलाही नाही. मला सांगितलं असतं तर मी मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात माइकवरून सगळ्यांना हसून हसून सांगितलं असतं, हे तो ओळखून होता. वहिनींचं भावाच्या मरणानंतरचं भय त्या झाकणावर टेकलेलं होतं, आणि ते पुसून टाकायचं त्याच्या मनात आलं नाही. त्याने कुंकू राहू दिलं आणि पिन बाळगली. पूजा झाल्यावर गाडी एकदा थांबायची. हा उतरायचा, झाकण काढायचा, पिनेने भोक मोकळं करायचा, फुंकर घालायचा आणि पुढे जायचा. म्हणून फोन नव्हते. म्हणून त्या दिवशीही फोन नव्हता.

मी झाकण दिव्याकडे धरून एक डोळा मिटला. भोकातून उजेड आला. मग मी ते टाकीवर लावलं, गराजचं मोठं दार वर केलं आणि गाडीवर बसलो. मला ती किक मारायची नेहमीच भीती वाटायची. पहिली फुकट गेली. दुसऱ्या किकला तिने तो आवाज काढला, सांगलीच्या चिंचेखालचा, कोठारामागच्या शेतांमधला. आणि आतलं दार धाडकन उघडलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. हाताला कणीक होती. त्या धावत आल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पुन्हा बघायची माझी ताकद नाही. क्षणभर त्यांना तो आला असं वाटलं होतं. मग त्यांना सीटवर मी दिसलो. त्यांचे खांदे उतरले. मी घाईघाईने गाडी बंद करायला गेलो तर त्या ओरडल्या, "नको! राहू द्या." आणि पायरीवर बसून राहिल्या. गाडी चालत राहिली, गराज धुराने भरलं, केतकी मागून येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. पुष्कळ वेळाने वहिनींनी हाताने खूण केली आणि मी ती बंद केली.

खोटं बोलावं असं मला वाटलं. वायर सैल होती म्हणावं, जोडली म्हणावं, संपवावं. पण त्यांनी मला शोधायला सांगितलं होतं, समजूत घालायला नव्हे. मी सगळं सांगितलं. भोक, कुंकू, पाडवा, दसरा, पिन. वहिनी ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या. "म्हणजे मी लावलं म्हणून थांबले."

"वहिनी, इकडे बघा," मी म्हणालो. झाकण काढून त्यांच्या पुढ्यात धरलं. "भोक मोकळं आहे. मी काही केलेलं नाही. त्याने केलंय. त्याचं काम झालं होतं, झाकण लावायचं तेवढं राहिलं होतं. गाडीने त्याला अडवून ठेवलं नव्हतं. ती निघायला तयार होती. आत्ता बघितलंत ना, दुसऱ्या किकला."

त्यांनी झाकण घेतलं नाही. किल्ल्या घेतल्या. पिन उलटसुलट करून बघितली. "ही माझी आहे," त्या म्हणाल्या. आमच्या पिढीच्या बायका बांगडीत दोन-चार पिना अडकवून ठेवतात, वेळेला असावी म्हणून, तशी. "एका पाडव्याला निघताना म्हणाले, एक पिन दे गं, जॅकेटचं बटण तुटलंय. मी बघितलं तर बटणं सगळी जागच्या जागी. म्हटलं, असेल काहीतरी. विचारलं नाही." मग त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून, आणि हसता हसताच रडायला लागल्या, मोठ्याने. केतकी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "काका, इज शी ओके?" मी म्हणालो, असू दे. त्या दिवसानंतर वहिनी पहिल्यांदाच रडत होत्या, हे तिने मला नंतर सांगितलं.

गाडी विकायची नाही असं ठरलं. हे सगळं लिहायला वहिनींनीच सांगितलं. म्हणाल्या, "लिहा. तुमचं ते बर्फाचंही लिहा." गेल्या शनिवारी मी गाडी हिवाळ्यासाठी झाकून ठेवायला गेलो. तेल बदललं, बॅटरी काढली, पुठ्ठा नवा घातला. माळ केतकीने उतरवली आणि तिच्यातलं बी एका पाकिटात भरून ठेवलं. मी चादर पसरणार, तेवढ्यात वहिनी आल्या. हातात कुंकवाचा करंडा होता, इतके दिवस देवघरात बंद असलेला. माझ्याकडे न बघता त्यांनी बोट ओलं केलं, कुंकू घेतलं आणि झाकणावर लावलं, नेहमीसारखंच, ठसठशीत. भोक पार बुजलं. मी काहीतरी बोलणार होतो. पण त्यांनी बांगडीतली पिन काढली, झाकण फिरवून हातात घेतलं आणि कुंकवाच्या मधोमध पिन टोचून हलकेच फिरवली. फुंकर घातली. मग झाकण दिव्याकडे धरून एक डोळा मिटला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "घ्या, लावा आता."